'किडनी मेरिडियन वीक' आला, म्हणजे किडनी बिघडली का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी पाच पत्रं मेरिडियनबद्दलचीच, म्हणजे चिनी वैद्यक शरीरात मानतं त्या शक्तीच्या वाटांबद्दलचीच, आहेत, म्हणून बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेते. नव्या वाचकांसाठी सांगते : मी ठाण्यात चरईला २६ वर्षं ॲक्युपंक्चर करते. मी एमबीबीएस नाही. माझ्या कामात जे रोज हाताखालून जातं, त्यावरूनच उत्तरं देते.

प्रश्न : ताई, सप्रेम नमस्कार. मी ऐरोलीला राहते, वय ५२. गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मोफत आरोग्य शिबिर होतं. माझ्या एका हातात पितळी नळी दिली, दुसऱ्या हाताच्या मनगटाला आणि पायांना पेनसारखं काहीतरी टेकवत गेले. संगणकावर बारा पट्टे आले, त्यातला एक लाल. "तुमचा किडनी मेरिडियन वीक आहे, आत्ता बारा सिटिंग घेतली नाहीत तर डायलिसिसची वेळ येईल," असं त्यांनी सांगितलं. माझे वडील किडनीच्या आजारानेच गेले. तेव्हापासून मला धड झोप नाही. पॅकेजचे निम्मे पैसे भरलेत, तीन सिटिंग झाली. पुढे जाऊ का?

उत्तर : ताई, पुढचं वाचण्याआधी एक गोष्ट ठरवून टाका. उद्या सकाळी चहा घ्यायच्या आत जवळच्या लॅबमध्ये जा. रक्तातलं क्रिएटिनिन, उपाशीपोटीची शुगर आणि लघवीची तपासणी करा; लघवीतून अल्ब्युमिन किती जातंय तेही बघायला सांगा. बीपी मोजून घ्या. रिपोर्ट फॅमिली डॉक्टरांना दाखवा आणि वडिलांचा आजार आवर्जून सांगा. या तपासण्या करायला तेवढं एकच कारण पुरेसं आहे, त्यासाठी लाल पट्ट्याची गरज नव्हती. किडनी बरीच बिघडेपर्यंत फारसं काही जाणवत नाही, म्हणून "मला तर काहीच त्रास नाही" असं म्हणून लॅब टाळू नका.

आता त्या 'किडनी'कडे येऊ. चिनी वैद्यकात 'शन' नावाची एक कल्पना आहे. तिचं इंग्रजीत 'किडनी' असं भाषांतर झालं आणि इथूनच लोकांची फसगत सुरू होते. 'शन' म्हणजे जन्मतः मिळालेल्या शक्तीचा साठा. हाडं, कान, डोक्यावरचे केस, प्रजननशक्ती, अंगातलं पाणी आणि भीती ही भावना, हे सगळं त्याच्या खात्यात येतं. कंबर आणि गुडघे दुखतात, कानात आवाज येतो, रात्री दोनदा लघवीला उठावं लागतं, पाय गार पडतात, असं कुणी सांगितलं की चिनी वैद्य म्हणतो, शन अशक्त झालंय. रक्त गाळणारी, मुठीएवढ्या आकाराची ती जोडी त्या वेळी त्याच्या मनात नसते. माझ्याकडे येणाऱ्या पन्नाशीच्या कितीतरी बायकांना हे वर्णन जसंच्या तसं लागू पडतं आणि त्यांचं क्रिएटिनिन उत्तम असतं. उलटही बघितलंय. कंबर दुखत नाही, कान ठणठणीत, झोप छान, आणि मधुमेहामुळे किडनी निम्म्याहून जास्त गेलेली. जुन्या पद्धतीने विचारपूस केली असती तर त्या माणसाच्या 'शन'ला मीही चांगलंच म्हटलं असतं.

या शनचा मेरिडियन तळपायाला सुरू होतो. बोटं आत वळवली की तळव्याच्या पुढच्या भागात जो खळगा पडतो, तिथून. मग आतल्या घोट्याच्या मागून, पोटरीच्या आणि मांडीच्या आतल्या अंगाने वर जात पोटावरून छातीपर्यंत पोचतो. त्यावर सुई लावायच्या जागा, म्हणजे पॉइंट, २७ आहेत. आतला घोटा आणि टाचेची जाड शीर यांच्यामधला पॉइंट मी टाचदुखीला, कंबरदुखीला जवळपास रोज वापरते. तिथे सुई लावताना आपण कुणाच्या किडनीवर उपचार करतोय असं माझ्या मनातसुद्धा येत नाही.

राहिलं यंत्र. असंच एक यंत्र मी स्वतः विकत घेतलं होतं, म्हणून ठामपणे सांगते. ते फक्त एवढंच मोजतं, की त्वचेतून वीज किती सहज जाते. घाम असला की जास्त, त्वचा कोरडी असली की कमी, पेन जोरात दाबला की पुन्हा जास्त. जुलै महिन्यात ट्रान्स-हार्बर लोकलच्या गर्दीतून घामाघूम होऊन आलेल्या पेशंटचा आलेख मी आल्याआल्या काढायचे आणि पंख्याखाली वीस मिनिटं बसवून पुन्हा काढायचे. लिव्हर लाल होता तो हिरवा व्हायचा आणि हार्ट लाल व्हायचा. माणूस तोच, खुर्ची तीच. दोन महिने असं करून बघितलं आणि यंत्र कपाटात ठेवलं. त्या छापील रंगीत कागदावर लोक किती विश्वास ठेवतात हे त्या दोन महिन्यांत दिसलं, आणि त्याचीच मला जास्त धास्ती वाटली.

म्हणून उरलेले पैसे भरू नका. पावती असेल तर भरलेले परत मागा, आणि सोसायटीच्या कमिटीला लेखी कळवा, कारण शिबिर त्यांच्या परवानगीने भरलं होतं. शेजारच्या आणखी चार घरांत हाच लाल पट्टा गेला असेल. आपल्या राज्यात ॲक्युपंक्चरसाठी २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे, त्याखाली नोंदणी होते. सुई लावणाऱ्याला नोंदणी क्रमांक विचारणं तुमचा हक्क आहे. सुया तुमच्यासमोर बंद पाकिटातून निघाल्या पाहिजेत आणि काम झाल्यावर फेकल्या गेल्या पाहिजेत. ज्या विद्येवर माझं घर चाललं, तिचं नाव घेऊन एका बाईला डायलिसिसची भीती घालतात, याचा मला मनापासून राग येतो.

प्रश्न : मी कळव्याला राहतो, निवृत्त विज्ञान शिक्षक आहे. मेरिडियन म्हणजे नस, रक्तवाहिनी की आणखी काही? ते दाखवता येतात का? एक गोष्ट मात्र मला विचारात पाडते. हृदयाचा मेरिडियन काखेतून करंगळीपर्यंत जातो म्हणतात, आणि हृदयविकाराची कळही डाव्या हाताच्या त्याच बाजूने उतरते. हा पुरावा नव्हे का?

उत्तर : सर, नाही दाखवता येत. शवविच्छेदनात, सूक्ष्मदर्शकाखाली किंवा एमआरआयमध्ये मेरिडियन नावाची वेगळी नळी किंवा तंतू आजवर सिद्ध झालेला नाही.

ही कल्पना समजायला मला माझ्या माहेराचा उपयोग झाला. माझं माहेर भिवंडीचं, वडील यंत्रमागावर होते. चिनी भाषेत या वाटांना 'जिंग-लुओ' म्हणतात. लुओ म्हणजे जाळं आणि जिंग म्हणजे मागावरचा उभा धागा, आपला ताणा. 'मेरिडियन' हे नाव विसाव्या शतकात फ्रेंचांनी दिलं, पृथ्वीच्या नकाशावरच्या उभ्या रेषांवरून. मला ताणाच पटतो. ताण्यातला एक धागा तुटला की विणलेल्या कापडावर उभी रेघ पडत जाते. वडील ती रेघ बघायचे, माग थांबवायचे आणि मागच्या बाजूला बीमकडे, म्हणजे ताणा गुंडाळलेल्या रुळाकडे, जाऊन तुटलेलं टोक शोधायचे. रेघ पुढे, दुरुस्ती मागे. खांदा आखडलेल्या माणसाच्या नडगीच्या बाहेरच्या बाजूला मी सुई लावते, तेव्हा तो चकित होऊन बघतो. ती जागा पोटाच्या मेरिडियनवर आहे. हा मेरिडियन चेहऱ्यापासून पायाच्या दुसऱ्या बोटापर्यंत जातो आणि त्यावर ४५ पॉइंट आहेत. सुई तिथे असतानाच मी हात वर करायला सांगते. बऱ्याच जणांचा हात थोडा जास्त वर जातो, काहींचा तसूभरही जात नाही.

मुख्य वाटा बारा. हाताच्या तीन छातीकडून बोटांकडे जातात, तीन बोटांकडून डोक्याकडे. पायाच्या तीन डोक्याकडून खाली उतरतात, तीन पायाकडून धडाकडे चढतात. एक संपते तिथे दुसरी सुरू होते आणि फेरा पुरा होतो. यातून 'ची', म्हणजे त्यांच्या कल्पनेतली जीवनशक्ती, वाहत राहते. वाहणं अडलं की दुखतं, हे त्यांचं मूळ सूत्र. पाठीच्या मधोमध एक आणि पोटाच्या मधोमध एक अशा आणखी दोन वाटा धरल्या की एकूण ३६१ पॉइंट होतात. बोटाच्या टोकापासून कोपरापर्यंत पॉइंटचे जे पाच प्रकार आहेत, त्यांची नावं मला फार आवडतात : विहीर, झरा, ओढा, नदी आणि समुद्र. नखाजवळ पाणी नुकतं लागलेलं, कोपराशी खोल आणि रुंद झालेलं. शेती करणाऱ्या, कालवे काढणाऱ्या लोकांनी शरीराकडे अशा नजरेने बघितलं. त्यांच्या जुन्या ग्रंथात, 'हुआंगदी नेइजिंग'मध्ये, बारा वाटांची तुलना चीनमधल्या बारा नद्यांशी केली आहे.

तुम्ही विज्ञान शिकवलंत म्हणून तुम्हाला पुढचं जास्त आवडेल. १९७३ मध्ये चीनच्या हुनान प्रांतात, मावांगदुईला, इसवी सनपूर्व १६८ मधल्या थडग्यात रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. त्यात वाटा अकराच आहेत, बारा नाहीत. पॉइंटांची नावं नाहीत, बंद फेरा नाही. म्हणजे आज भिंतीवर लावतात तो तक्ता एका दिवसात कुणाला साक्षात्कार होऊन मिळालेला नाही. माणसं चाचपडली, कुठे दाबल्यावर कुठे बरं वाटतं हे नोंदवत गेली, रेषा जोडत गेली, चुकल्यावर बदलत गेली. मी या तक्त्याकडे हातांसाठी काढलेला नकाशा म्हणून बघते. बोट कुठे ठेवायचं हे तो सांगतो. आत कोणता आजार आहे हे विचारायला तो काढलेलाच नाही.

करंगळीचं म्हणाल तर, सर, त्याचं कारण मज्जारज्जूत आहे. हृदयाकडून येणारे वेदनेचे तंतू आणि हाताच्या आतल्या बाजूच्या त्वचेचे तंतू मज्जारज्जूच्या एकाच भागात शिरतात, छातीच्या वरच्या मणक्यांच्या पातळीला. मेंदूला कळ नेमकी कुठून आली ते नीट ओळखता येत नाही आणि हृदयाची कळ हातात वाटते. जुन्या वैद्यांनी ही वाट रुग्णांच्या सांगण्यावरून बरोबर टिपली असावी, असं मला वाटतं. त्यांच्या निरीक्षणाबद्दल मला आदर आहे. पण त्यावरून नळी सिद्ध होत नाही.

या वाटेने मला एकदा जन्माचा धडा दिला. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यातून निवृत्त झालेले काका डाव्या हाताचं दुखणं घेऊन आले. काखेतून करंगळीपर्यंत, अगदी तक्त्यातल्यासारखं. मान आखडलेली होती, मी मानेचंच धरून चालले आणि दोन सिटिंग दिली. तिसऱ्या वेळी सुया काढून ठेवताना ते सहज म्हणाले, "स्टेशनचा पूल चढलो की जास्त भरून येतं, उभा राहिलो की जातं." माझ्या पोटात गोळा आला. मुलाला फोन करून त्यांना तिथूनच हॉस्पिटलला पाठवलं. दोन वाहिन्यांत अडथळे निघाले, स्टेंट पडले, काका वाचले. पण तो प्रश्न मी पहिल्याच दिवशी विचारायला हवा होता. आता हात, जबडा किंवा पाठ दुखते म्हणून आलेल्या प्रत्येकाला आधी जिना विचारते, सुई नंतर.

सुयांचा गुण येतो का, हा तुमचा पुढचा प्रश्न असेलच. जर्मनीत कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २००७ मध्ये प्रसिद्ध झाली. सहा महिन्यांनी, नेहमीच्या औषध-व्यायामाच्या गटात २७.४ टक्क्यांना गुण होता. मेरिडियनच्या पॉइंटवर सुया लावलेल्यांत ४७.६ टक्क्यांना. आणि मुद्दाम पॉइंट सोडून, भलत्याच जागी, वरवर सुया टोचलेल्यांत ४४.२ टक्क्यांना. हे आकडे पहिल्यांदा वाचले तेव्हा मी रात्रभर अस्वस्थ होते. सुईचा उपयोग होतो, पण नेमकी जागा मी समजत होते तेवढी महत्त्वाची दिसत नाही. बारा वर्षं तक्ते पाठ केलेल्या बाईला हे पचायला वेळ लागला. तरी ते मी माझ्या विद्यार्थिनींना पहिल्याच आठवड्यात सांगते. दुसऱ्या बाजूचंही एक सांगते : २००२ मध्ये अमेरिकेत मृतदेहाच्या हाताचे आडवे काप घेऊन अभ्यास झाला, त्यात सुमारे ८० टक्के पॉइंट स्नायूंमधल्या जोड-ऊतींच्या पडद्यांवर पडतात असं दिसलं. म्हणजे बोटांना खळगा लागतो तो बऱ्याच ठिकाणी खरोखर तिथे असतो.

प्रश्न : मेरिडियन म्हणजे आपल्या योगातल्या नाड्याच ना? आणि पॉइंट म्हणजे मर्मं? डॉ. कोटणीसांनी ही विद्या परत आणली असं ऐकलंय. (डोंबिवली)

उत्तर : तिन्ही गोष्टी वेगळ्या ठेवा. इडा, पिंगला, सुषुम्ना ध्यान-प्राणायामाच्या परंपरेतल्या आहेत, त्यांच्यावर सुया लावायचे पॉइंट नाहीत. सुश्रुताने १०७ मर्मं सांगितली ती जपायच्या जागा म्हणून. तिथे घाव बसला तर जीव जाऊ शकतो, शस्त्रक्रिया करताना तिथे सांभाळा, असा त्याचा रोख आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले, युद्धात जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले डॉ. बिजयकुमार बसू पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकले आणि १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्यांनी ते कोलकात्यात आणलं. कोटणीसांचं मोठेपण त्यांच्या स्वतःच्या कामात आहे, त्यांना हे श्रेय उसनं द्यायची गरज नाही.

प्रश्न : मी घणसोलीचा, वय ३८. रोज रात्री अडीचला जाग येते. व्हॉट्सॲपवर तक्ता आला, १ ते ३ लिव्हरची वेळ, म्हणून 'लिव्हर डिटॉक्स'चा काढा सुरू केलाय. बरोबर आहे ना?

उत्तर : काढा आजच बंद करा. त्यात काय आहे हे तुम्हाला माहीत नाही, आणि काही वनस्पतींनी लिव्हरलाच इजा होते. जुन्या चिनी पद्धतीत दिवसाचे दोन-दोन तासांचे बारा भाग असत, वाटाही बारा, म्हणून एकेक वाट एकेका भागाला जोडली : पहाटे ३ ते ५ फुप्फुस, ५ ते ७ मोठं आतडं, असं करत १ ते ३ लिव्हर. शरीराला दिवस-रात्रीचं घड्याळ असतं हे खरं आहे, त्यावरच्या संशोधनाला २०१७ चं नोबेल मिळालं. पण त्या घड्याळात अवयवांच्या अशा दोन-दोन तासांच्या पाळ्या लावलेल्या नाहीत.

माझ्याकडे अडीचला उठणारे येतात, तेव्हा मी विचारते : घोरता का, बायको म्हणते का की मध्येच श्वास अडकतो? उठल्यावर लघवी लागते का, तहान लागते का? शेवटचा चहा किती वाजता? छातीत जळजळतं का? शिफ्ट बदलते का? घोरणं, श्वास अडकणं, लघवी किंवा तहान, यातल्या कशालाही 'हो' असेल तर डॉक्टरांकडे जा, शुगर आणि झोपेतला श्वास तपासून घ्या.

प्रश्न : सुनेला तिसरा महिना आहे, उलट्यांनी बेजार झालीये. मनगटावर एक पॉइंट दाबतात म्हणे. मी दाबून देऊ का? काही अपाय? (वाशी, सासूबाई)

उत्तर : द्या, सासूबाई, जरूर द्या. या जागेला 'नेइग्वान' म्हणतात. सुनेचा तळहात वर करा. मनगटाच्या घडीपासून कोपराच्या दिशेने तिचीच तीन बोटं आडवी ठेवा, तर्जनी, मधलं आणि अनामिका. तिच्या बोटांनीच मोजायचं, तुमच्या नाही. या विद्येत माप ज्याचं त्याचं असतं. घडीपासून तिसऱ्या बोटाच्या कोपराकडच्या कडेला, हाताच्या मधोमध दोन शिरा दोरीसारख्या लागतील, त्यांच्या मधल्या खोलगट जागी अंगठा टेकवा. काहींना एकच शीर लागते, तेव्हा मधोमध धरायचं. दुखेल इतकं दाबू नका. दोन-तीन मिनिटं दाबा, मग दुसरा हात. सकाळी अंथरुणातून उठण्याआधी आणि प्रवासात हे जास्त उपयोगी पडतं.

ऑपरेशननंतरच्या मळमळीवर या पॉइंटचा उपयोग होतो, असा निष्कर्ष अनेक चाचण्या एकत्र तपासून २०१५ मध्ये काढला गेला. गरोदरपणातल्या उलट्यांबाबत निष्कर्ष इतके एकसारखे नाहीत. पण अपाय नाही, औषधाच्या आड येत नाही, आणि सासूने दहा मिनिटं हात हातात घेऊन बसण्याचं सुख त्या पोरीला वेगळंच मिळेल.

दोन जागा मात्र टाळा : अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल भाग, आणि आतल्या घोट्याच्या वर चार बोटं. गरोदरपणात या जागा दाबू नयेत असं परंपरेने सांगितलंय, आणि ते मी पाळते. डोकं दुखलं म्हणून कुणी तिचा पंजा दाबायला लागलं तर थांबवा.

पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, लघवी कमी आणि गडद झाली असेल, वजन उतरत असेल किंवा उठल्यावर चक्कर येत असेल, तर पॉइंट दाबत बसू नका. त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे न्या, सलाइनची गरज असते. रात्र असली तरी न्या.